खड्ड्यातली ओल

"धुणं इथंच धुवायचं. दुसरीकडे कुठं नाही."

एवढंच म्हणाले होते ते. दगड नीट बसला की नाही ते पायानं दाबून पाहिलं, हातांची माती झटकली आणि शेडमध्ये निघून गेले. का, कशासाठी, काही नाही. सुताराच्या तोंडात सदा खिळे, बोलणार कुठून, असं आई तेव्हा नवऱ्याबद्दल शेजारणीला म्हणाली होती.

दगड होता शेडच्या मागच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरापासून मोजून साठ पावलं. पिळलेलं धुणं उचलून परत साठ पावलं. आईनं एकतीस वर्षं कुरकुर केली आणि एकतीस वर्षं तिथंच धुतलं. अंगात ताप असताना धुतलं, पोटुशी असताना धुतलं. सकाळी हात जोडून झाले की बादली उचलायची आणि मागं जायचं. धुण्याचं पाणी एका नळीतून चार हात लांब जाऊन जमिनीत जिरायचं. तिथं सिमेंटचं लहानसं झाकण होतं आणि झाकणाभोवती बारा महिने हिरवं गवत.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. मग आईचे गुडघे बोलायला लागले. मागच्या हिवाळ्यात एकदा ती भरल्या बादलीसकट वाटेतच बसली, आणि मुलानं ते शेडच्या खिडकीतून पाहिलं. तेव्हा काही बोलला नाही तो, बापासारखाच. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन त्यानं दगड उखडला, लोटत लोटत आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, नळाखाली बसवला. खाली कमरेइतका चौथरा बांधला, म्हणजे वाकायलाही नको.

"धू आता राणीसारखी उभी राहून," म्हणाला.

आईला भरून आलं. तरी पहिल्या दिवशी दगडावर पाणी ओतताना ती मनातल्या मनात म्हणालीच, अहो, रागावू नका, गुडघे चालत नाहीत आता.

उन्हाळा आला तो नेहमीपेक्षा कोरडा. विहिरीचा तळ दिसायला लागला, नळ एक दिवसाआड. शेडमागचं गवत आधी पिवळं पडलं, मग उरलंच नाही. तिकडं जायचं कुणाला कारणच नव्हतं, त्यामुळं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

शेडमध्ये काम मात्र जोरात होतं. नव्या शाळेच्या जिन्याला कठड्याचे साठ खांब हवे होते, साठही एकसारखे, आणि ते काम सुनेच्या हातचं होतं. विजेवर लाकूड फिरवणाऱ्या खरादावर मुलगा बसायचा नाही, सून बसायची. सासऱ्यांनी शेवटची दोन वर्षं खाटेवर काढली, तेव्हा ते खाट शेडच्या दारात ओढून घ्यायचे आणि पडल्या पडल्या सुनेला शिकवायचे. "पटाशी दाबू नकोस, नुसती टेकव. लाकूड आपणहून सोलून देतं." मुलगा शिकताना त्यांनी आवाज चढवला होता. सुनेला शिकवताना कधी नाही. तिच्या हाताखाली लाकूड फिरायचं तेव्हा लांब, पातळ साल सुटून तिच्या मनगटावरून खाली यायची, आणि आईला ते बघत बसावंसं वाटायचं.

खरादाच्या लोखंडाला हात लागला की मुंग्या येतात, असं सुनेनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वीस खांब झाले होते.

"बांगड्या काढून ठेव," मुलगा म्हणाला.

तिनं काढल्या. आईच्या समोर काढल्या, एकेक करून, आणि डब्यात ठेवल्या. मुंग्या राहिल्याच.

"चप्पल घाल रबराची."

तिनं नवऱ्याची जुनी चप्पल घातली. दोन बोटं मोठी होती, शेडमध्ये फटक फटक आवाज यायचा.

"बदक फिरतंय की काय," मुलगा हसून म्हणाला. सूनही हसली. मग म्हणाली, "अहो, पण एकदा बत्तीकाकांना बोलवा ना."

बत्तीकाका म्हणजे वायरमन. सत्तरी गाठलेला, सासऱ्यांचा जुना दोस्त. साऱ्या गावाच्या घरांत पहिला दिवा त्याच्या हातानं लागला म्हणून बत्तीकाका.

"त्यांना बोलावलं की आधी तासभर कीर्तन ऐकावं लागतं," मुलगा म्हणाला. "मीच फळी टाकतो तुझ्या पायाखाली. फळीवर उभं राहिलं की काही होत नाही."

फळी टाकली. मुंग्या कमी झाल्या. आणखी अकरा खांब झाले.

त्या दिवशी दुपारी नळाला अचानक पाणी आलं. सून काम सोडून धावली, आईबरोबर धुणं उरकलं, बादल्या भरल्या. चप्पल दारातच राहिली. अर्धा कोरलेला खांब खरादावर तसाच होता, तो सैल तर पडला नाही ना ते पाहायला ती ओल्या पायांनी आत गेली. फळीवर चढली नाही. नुसता हात लांब करून खरादाचा लोखंडी दांडा धरला.

आई दाराशी धोपटणं हातात घेऊन उभी होती. सुनेच्या तोंडातून आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, झोपेत कण्हल्यासारखा होता. तिचा हात दांड्याला मिटला होता आणि सुटत नव्हता. मान मागं ताठ. आई दोन पावलं पुढं झाली, हात पुढं केला, आणि कुणास ठाऊक कसं, मागं घेतला. भिंतीवर साऱ्या शेडची वीज तोडणारा मोठा खटका होता. गुडघे होते की नव्हते ते तिला आठवत नाही. तिनं लाकडी धोपटणं खटक्याच्या दांडीवर वरून मारलं. दांडी खाली आली. वीज तुटली, हात सुटला, आणि सून भुशाच्या ढिगात कोसळली.

"काही नाही, काही नाही," आई तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिली. मागच्या अंगणात फळ्या रचणारा मुलगा धावत आला. त्याला काय झालं ते सांगावं लागलं नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सुनेच्या छातीला तारा चिकटवून कागद काढला. ठोके सरळ आहेत म्हणाले, तरी रात्रभर ठेवून घेतलं. तळहातावर एक पांढरा डाग, मसुराएवढा, कडा करपलेल्या. मुलगा बाकावर बसून रात्रभर त्या डागाकडं बघत होता.

घरी आल्यावर सून सगळं करायची. पीठ मळायची, झाडायची, पाणी भरायची. शेडचा उंबरा मात्र तिनं ओलांडला नाही. झालेले खांब ओसरीत मागवून घेतले आणि काचकागदानं हातानं घासत बसली. आत खटका वाजला की तिचा हात थांबायचा, खांदे वर यायचे. नवरा म्हणाला, मोटर उघडून बघितली, एक वायर घासून उघडी पडली होती, चिकटपट्टी लावली, आता काही नाही. ती मान हलवायची. उठायची नाही.

"बरं, मीच काढतो उरलेले," म्हणून तो खरादावर बसला. दुपारपर्यंत दोन काढले. ओसरीत आणून तिच्या शेजारी उभे केले.

सुनेनं पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं, परत पाहिलं.

"हा खांब आहे की दुधी?" ती म्हणाली.

आईला हसू आवरेना. मुलगाही हसला, पण लगेच थांबला. धक्क्यानंतर बायको पहिल्यांदा थट्टेनं बोलली होती, आणि तो खांब हातात धरून उभाच राहिला.

"तुझ्याशिवाय होत नाही ते," तो म्हणाला.

"मला त्याला हात लावायची भीती वाटते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात काही होत नाही. आताही तेच म्हणताय."

आईनं चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"कीर्तन ऐकायला," आई म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली.

बत्तीकाका आले ते खांद्याला पिशवी लावून, सायकल हातात धरून. आधी ओसरीत बसले, सुनेचा तळहात आपल्या हातात घेऊन चष्म्यातून पाहिला, आणि काहीच बोलले नाहीत. मुलगा कीर्तनाची वाट बघत उभा होता. ते सुरूच होईना, तसा तो जास्तच अवघडला.

शेडमध्ये जाऊन त्यांनी आधी मोठा खटका पाडला. मोटरची डबी उघडली, चिकटपट्टी सोडवून फेकली. "ही जखमेवर लावायची पट्टी नव्हे," म्हणाले. घासलेली वायर कापून नवी जोडली, डबीच्या तोंडाला रबरी कडी घातली, म्हणजे मोटर हलली तरी वायर पत्र्याला घासू नये.

"झालं ना मग?" मुलानं विचारलं आणि सवयीनं हाताचा मागचा भाग खरादाच्या पत्र्याकडं नेला.

काकांनी त्याच्या हातावर चापट मारली. सगळ्यांसमोर, लहान पोराला मारावी तशी. "हात म्हणजे टेस्टर नव्हे. एक हात घरातला भाजला तेवढा बस."

मुलगा लाल झाला. हात मागं बांधून उभा राहिला.

"वायर घासली हा मशीनचा दोष," काका म्हणाले. "वायर कुठंही घासते. पण वीज पत्र्यावर उतरली की ती अर्थिंगच्या तारेनं मुकाट जमिनीत जायला हवी. सूनबाईच्या अंगातून का गेली ती? विजेला जमिनीची वाट का मिळाली नाही?"

ते मागच्या कोपऱ्यात गेले. सिमेंटचं झाकण उचललं. आईनं ते झाकण एकतीस वर्षं पाहिलं होतं, आत काय आहे ते कधी विचारलं नव्हतं. एक लोखंडी पाइप जमिनीत उभा पुरलेला, त्याला जाड तार बांधलेली. भोवतीची माती पाइपापासून सुटून बोटभर फट पडली होती.

काकांनी मशीनांकडं जाणारी अर्थिंगची तार बोर्डापाशी सोडवली, खड्ड्याकडची तेवढी ठेवली. पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला बल्ब काढला. एक वायर विजेला, दुसरी खड्ड्याच्या तारेला.

"कुणी खड्ड्याजवळ जायचं नाही. लांब व्हा सगळे." मग खटका वर केला.

बल्ब लागला, पण तो लागणं म्हणजे विझत्या निखाऱ्यासारखं. आतली तार तेवढी तांबूस.

"बघितलंत? सगळी वीज जमिनीत जाऊ शकली असती तर हा डोळे दिपवून गेला असता. जमिनीनं तोंड मिटलंय." काकांनी खटका पाडला. "वहिनी, इथला दगड कुठं गेला?"

आई पुढं झाली. "धुण्याचा?"

"तोच. मी आणि त्यानं मिळून हा खड्डा खणला होता. कोळसा, मीठ, पाइप, सगळं घातलं. मी म्हटलं, बाबा, याला रोज बादलीभर पाणी लागेल, नाहीतर उन्हाळ्यात दगा देईल. तो म्हणाला, पाणी घालायला मी विसरेन. पण आमच्या घरात एक माणूस आहे, ते सांगितलेलं कधी विसरत नाही."

आईनं पदराचं टोक धरलं होतं, ते तसंच राहिलं.

"मला सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"तुम्ही तेव्हा दिव्याचं बटण काठीनं दाबत होतात, वहिनी. विजेचा खड्डा आहे म्हटलं असतं तर तुम्ही मागच्या अंगणात पाऊल टाकलं असतंत का?"

"नसतं टाकलं," आई म्हणाली. मग स्वतःशीच, "एकतीस वर्षं शिव्या घातल्या मी त्या दगडाला."

मुलगा खड्ड्याकडं बघत होता. "मी हलवला दगड," तो म्हणाला. "आईसाठी हलवला."

"चांगलंच केलंस," काका म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ते इतकं सरळ आलं की मुलानं मान वर केली. "गुडघे आईचे, ते कुणी बघायचे? पण दगड हलवलास तसं पाणी कुठं जातंय तेही बघायचं. आता बादली आण. मूठभर मीठ टाक त्यात."

मग ते काम चार वाजेपर्यंत चाललं. खटका बंद. मुलानं बादली ओतायची, माती फसफसायची, बुडबुडे काढायची. सगळ्यांनी लांब व्हायचं. खटका चालू. बल्ब बघायचा. पुन्हा बंद. घरात भांडी विसळलेलं, भाजी धुतलेलं, जे पाणी होतं ते सगळं आईनं काढून दिलं. दुसऱ्या बादलीला बल्ब पिवळा झाला. चौथीनंतर थांबले, माती पिऊ दिली. सून ओसरीतून उठून अंगणात आली होती. सहाव्या बादलीनंतर काकांनी खटका वर केला तेव्हा बल्ब असा लागला की मागच्या भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या पडल्या, दिवसाउजेडी.

आईनं नकळत हात जोडले. मग कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

काकांनी सोडवलेली तार पुन्हा जोडली, पिशवीतून एक पांढरा खटका काढून बोर्डात बसवला. "हा पहारेकरी. वीज भलत्या वाटेनं जरा गळली की हा डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. याच्यावर बारीक बटण आहे, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. कोण दाबणार?"

मुलगा पुढं झाला. काका जागचे हलले नाहीत. ते सुनेकडं बघत होते.

ती उंबऱ्यापाशी थांबली. खाली पाहिलं, चप्पल शोधली, पायात सरकवली. मग आत आली. बोटाच्या टोकानं बटण दाबलं. खट. सगळं बंद. तिनं खटका वर केला, पुन्हा दाबलं. खट.

"पडतो की हो," ती म्हणाली. तिसऱ्यांदा दाबायला गेली तेव्हा काका म्हणाले, "पुरे, त्याला पुढच्या महिन्यासाठी ठेव." सगळे हसले.

त्या संध्याकाळी तिनं एक खांब काढला. काका दारात बसून राहिले, आई खाली भुशात. पहिली साल तुटक निघाली, दुसरी लांब.

जाता जाता काकांनी भिंतीला टांगलेल्या मशीनांच्या वायरी खाली घेतल्या. रंधा, ड्रिल, घासायचं मशीन, छोटी विजेची करवत. चारही प्लग टेबलावर एका ओळीत मांडले. प्रत्येकाची वरची जाड पीन पकडीनं मोडलेली.

"गिऱ्हाइकांच्या घरी दोनच भोकं असतात," मुलगा म्हणाला.

"असू देत. ज्याला कंपनीनं दोनच पिना दिल्यात त्याची गोष्ट वेगळी. ज्याला तीन दिल्यात त्याची तिसरी शोभेची नाही, अर्थिंगची आहे. नवे प्लग लाव चारही."

"लावतो."

"पाच," सून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"मोठी करवत. खोकीवाल्याला दिली ती. तिचीही पीन यांनीच मोडली होती."

खोकीवाला ओढ्यापलीकडच्या गावातला, फळांची खोकी ठोकायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याचं मशीन बिघडलं तेव्हा मुलानं आपली जुनी करवत त्याला वापरायला दिली होती.

मुलानं तिथल्या तिथं फोन लावून करवत बंद ठेवायला सांगितलं. पलीकडं खोकीवाल्याचा आवाज इतका मोठा की सगळ्यांना ऐकू आला. "काय मिस्त्री, तूच म्हणालास ना, बिनधास्त चालव, काही होत नाही? आता एकाएकी घाबरट झालास होय? अरे, दोन महिने चालवतोय. बायको फळ्या लावते, मी कापतो. झकास चाललंय. ठेव फोन." आणि ठेवलाच.

मुलगा फोनकडं बघत राहिला.

"माझं सांगितलंत का त्यांना?" सुनेनं विचारलं.

"नाही."

"मग ते कसं ऐकतील?"

चारचौघांत जो मिस्त्री म्हणून मिरवतो, त्यानं आपल्याच घरात आपल्याच बायकोला आपल्या हलगर्जीपणानं धक्का बसला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, हे आईला त्याच्या मानेवरून कळत होतं. लहानपणी चूक झाली की ती मान अशीच खाली जायची.

"ते फळ्या पाणी मारून कापतात," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यांची बायको अनवाणीच असते. मी बघितलीय तिला."

"जातो," तो म्हणाला. "उद्या, त्याची करवत सुरू व्हायच्या आत. आणि सांगतो त्याला, तुझं झालेलं सगळं."

"नक्की?"

"नक्की."

अंधार पडायच्या आत त्यानं कुदळ घेतली आणि स्वयंपाकघरापासून मागच्या खड्ड्यापर्यंत वीतभर खोल चर खणला. त्यात नळी टाकली, म्हणजे आईचा दगड आईपाशी आणि पाणी जिथं जायचं तिथं. काकांनी सायकलवर बसता बसता नळीचा उतार पाहिला आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांच्याकडून हे मोठंच बक्षीस होतं.

पहाटे आईला जाग आली ती नेहमीच्या वेळेला. पूर्वेकडं नुसता राखाडी रंग होता. शेडचं दार किलकिलं होतं. मुलगा आत टेबलापाशी उभा होता, पिशवीत एकेक वस्तू ठेवत होता. नवा तीन पिनांचा प्लग. पेचकस, पक्कड. वायरचं वेटोळं. मग सुनेनं काल काढलेला खांब त्यानं उचलला, उभा धरला, त्याच्या कमरेवरून अंगठा फिरवला आणि परत जागेवर ठेवला.

आई अंगणातूनच बघत राहिली. ओठातल्या ओठात चाललेलं नामस्मरण तिनं थांबवलं नाही.

त्यानं पाय वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्या होत्या. सायकल बाहेर काढली, साखळीचा आवाज होऊ नये म्हणून मागचं चाक उचलून धरलं आणि तसाच फाटकापर्यंत गेला. फाटकाबाहेर चपला घातल्या. सायकलवर लगेच बसला नाही. बोलायचं काय ते मनात जुळवत असावा, कारण त्याचे ओठ हलताना आईला दिसले. एकदा थांबला, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मग तो सायकलवर बसला आणि ओढ्याकडच्या रस्त्याला लागला.